हळदीच्या साबणाची स्किन इरिटेशन टेस्ट: लॅबमध्ये नक्की काय करतात आणि रिपोर्टमधून काय कळतं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांनाच संदर्भ लागेल. तासगाव तालुक्यात तुमचा बचत गट हळदीचा साबण बनवतो, पुण्यातल्या दुकानदाराने 'स्किन इरिटेशनचा रिपोर्ट आणा मग माल ठेवतो' असं सांगितलंय, आणि मधेच एका गिऱ्हाइकाच्या लहान पोराच्या गालावर लाल चट्टे उठले म्हणून एक साबण परत आलाय. तुम्ही विचारताय की ही टेस्ट सशावर करतात का, किती दिवस लागतात, आणि सगळं नैसर्गिक असताना टेस्ट लागतेच कशाला. शिवाय द्राक्षबागेत पेस्ट लावणाऱ्या बायकांच्या हाताची सालं निघतात त्याबद्दलपण विचारलंय. तो शेवटचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यावर येतोच.

मी मिरजेचा. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला केमिस्ट्री केली आणि पुढची सव्वीस वर्षं टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे कुठला पदार्थ अंगाला किती घातक ते तपासणाऱ्या लॅबमध्ये, काढली, त्यातली निम्मी तरी स्किनच्या टेस्टिंगमध्येच गेली. त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

नैसर्गिकचं आधी बघू. आपल्याकडं बिब्बा उतलेला माणूस कुणी बघितला नाही असं घर नसेल. तेल नीट न लावता बिब्बा हाताळला की दोन दिवसांत फोड, पाणी, सूज, डोळे उघडत नाहीत. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिकच आहे की. चुना नैसर्गिक, अळूची खाज नैसर्गिक. पदार्थ झाडातून आला का कारखान्यातून आला याच्याशी कातडीला देणंघेणं नसतं, तिला कळतं ते रेणू कुठला, किती आणि किती वेळ.

आता इथं एक फरक नीट समजून घ्या कारण सगळा गोंधळ इथंच होतो. इरिटेशन आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इरिटेशन म्हणजे पदार्थाने कातडीच्या पेशींना सरळ इजा करणं, ती कुणालाही होऊ शकते, पहिल्याच वेळी होऊ शकते, आणि पदार्थ पातळ केला किंवा लवकर धुतला तर कमी होते. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती तो पदार्थ आधी ओळखून ठेवते, आणि मग पुढच्या वेळी थोडासा जरी लागला तरी भडकते, ते सगळ्यांना होत नाही पण ज्याला होईल त्याला आयुष्यभर होत राहील. गवंड्याचे हात बघा, सिमेंट अल्कधर्मी असतं त्यामुळे सगळ्याच गवंड्यांची बोटं कोरडी पडून भेगाळतात, हे इरिटेशन. पण त्यातल्याच एखाद्याला सिमेंटमधल्या क्रोमेटची ॲलर्जी बसते आणि तो नुसता साईटवर गेला तरी मनगटापर्यंत खाज सुटते. स्किन इरिटेशनची टेस्ट फक्त पहिल्या प्रकाराचं उत्तर देते. बिब्ब्याचा त्रासपण मुख्यतः ॲलर्जीतलाच आहे, म्हणजे जो पदार्थ घरोघरी माहीत आहे तोच या टेस्टमध्ये पुरता पकडला जाईल याची खात्री नाही. कुठलाही रिपोर्ट हातात घेताना हे डोक्यात ठेवा.

आता सशाचं. होय, अनेक वर्षं सशावरच चालायचं. अमेरिकेच्या एफडीएमध्ये, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्यात, जॉन ड्रेझ नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४४ साली सहकाऱ्यांबरोबर ही पद्धत छापली आणि ती जगभर पसरली. नंतर ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेने ४०४ नंबरची गाइडलाइन केली. पांढऱ्या सशाच्या पाठीवरचे केस आदल्या दिवशी क्लिपरने काढायचे, दुसऱ्या दिवशी साधारण ६ चौरस सेंटीमीटर जागेवर अर्धा मिली किंवा अर्धा ग्रॅम केमिकल ठेवायचं, वर गॉज, वर पट्टी, ४ तासांनी पुसून काढायचं. मग १ तास, २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायचं, लाली किती आणि सूज किती, दोन्हीला शून्य ते चार असे मार्क द्यायचे. तीन सशांपैकी निदान दोघांचा लालीचा किंवा सुजेचा सरासरी मार्क २.३ किंवा त्याच्या वर गेला की केमिकल इरिटंट.

मी लॅबला लागलो तेव्हा हेच काम होतं. सकाळी लवकर प्राणिगृहात जायचं, ससा मांडीवर घ्यायचा, तो घाबरलेला असतो, त्याचं काळीज हाताला धडधडताना लागतं. ट्यूबलाईटखाली मी पाठीकडे बघून लाली २ लिहायचो आणि माझे सीनियर तीच पाठ बघून १ लिहायचे. कोण बरोबर? मला ते फार खुपायचं. जीव जातोय तो जातोय आणि वर आकडापण पक्का नाही. नंतर वाचनात आलं की १९७१ मध्येच वेल आणि स्काला या दोघांनी वीसपेक्षा जास्त लॅबना तीच केमिकल्स देऊन बघितली होती आणि लॅबालॅबात निकाल भलतेच वेगळे आले होते. शिवाय सशाची कातडी आपल्यापेक्षा जास्त झिरपणारी, म्हणजे त्याला लागलं ते माणसाला लागेलच असंही नाही.

पण ताई, तुमच्या साबणासाठी ससा आता नाहीच. भारतात कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर टेस्ट करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि त्याच वर्षी बाहेर प्राण्यांवर टेस्ट झालेली कॉस्मेटिक्स आणायलापण बंदी आली. कुणी लॅबवाला तुम्हाला सशावर करून देतो म्हणाला तर तिथून उठून या. शेतीच्या औषधांचं वेगळं आहे, त्यांच्या रजिस्ट्रेशनसाठी प्राण्यांवरच्या टेस्ट अजूनही होतात.

सशाच्या जागी आता माणसाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवलेली कातडी वापरतात. ऑपरेशनमध्ये उरलेल्या कातडीतून, अर्थात त्या माणसाची परवानगी घेऊन, वरच्या थराच्या पेशी काढतात आणि एका छोट्या कपाच्या तळाशी असलेल्या जाळीवर वाढवतात. खालून त्यांना पोषण मिळतं आणि वरची बाजू हवेला उघडी ठेवतात, त्यामुळे त्या थरावर थर रचत जातात आणि सगळ्यात वर आपल्यासारखाच मेलेल्या पेशींचा कोरडा थर तयार होतो. एपिस्किन, एपिडर्म, स्किनएथिक ही त्यातली नेहमीची नावं. एका कपातली कातडी शर्टाच्या बटणाएवढी, वरून बघितली तर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका पापुद्रा. पहिल्यांदा चिमट्यात तो कप धरला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, आणि सशाच्या धडधडत्या काळजानंतर हे हातात येणं म्हणजे माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती. २०१० मध्ये ओईसीडीने ४३९ नंबरची गाइडलाइन काढून याला मान्यता दिली.

टेस्ट अशी चालते. एपिडर्मचं सांगतो कारण माझा हात त्यावर बसलाय. कातडीवर ३० मायक्रोलिटर लिक्विड किंवा २५ मिलिग्रॅम पावडर, प्रत्येक सॅम्पलला तीन कप. बरोबर तीन कपांना नुसतं बफर, म्हणजे पेशींना न दुखवणारं खारट पाणी, ते निगेटिव्ह कंट्रोल, आणि तीन कपांना ५ टक्के एसडीएस, म्हणजे शाम्पूत फेस करणारं ते डिटर्जंट, ज्याने इजा होणारच हे ठाऊक असतं, हे पॉझिटिव्ह कंट्रोल. ६० मिनिटं ठेवायचं, मग प्रत्येक कप बफरच्या बारीक धारेने पंधरा वेळा धुवायचा. पंधरा म्हणजे पंधराच, नवीन पोरं दहावर थांबतात आणि मग तिन्ही कपांचे आकडे तीन दिशांना जातात. पुढे ४२ तास इन्क्युबेटरमध्ये, कारण इजा झालेल्या पेशी लगेच मरत नाहीत, त्यांना एकतर सावरायला नाहीतर मरायला वेळ द्यावा लागतो. मग एमटीटी नावाचा पिवळा डाय घालून ३ तास. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. तो जांभळा रंग आयसोप्रोपॅनॉलमध्ये उतरवून घ्यायचा आणि ५७० नॅनोमीटरला मशीनवर वाचायचा. बफरवाल्या कातडीला १०० टक्के धरलं आणि तुमच्या सॅम्पलची ५० किंवा त्याच्या खाली आली तर इरिटंट, ५० च्या वर तर नाही. इथं दोन माणसांचं भांडण नाही, आकडा मशीन देतं.

ही कातडी बहुतेक वेळा परदेशातून येते आणि तिचं आयुष्य मोजक्या दिवसांचं. एकदा आमचं किट विमानतळावर शनिवार-रविवार अडकून पडलं. सोमवारी हातात आलं, दिसायला ठीक होतं, आम्ही रन केला आणि निगेटिव्ह कंट्रोलचाच रंग फिका आला. सगळा रन रद्द, पार्टीला परत थांबायला लावलं. म्हणून टेस्ट एका आठवड्याची असली तरी लॅब तुम्हाला तीन-चार आठवडे सांगेल, त्यात लबाडी नाही.

आता हळद. इथं नीट लक्ष द्या कारण सगळ्याच लॅब हे आपणहून सांगत नाहीत. एमटीटीचा जांभळा फक्त जिवंत पेशीच करतात असं नाही, काही केमिकल्स स्वतःच तो करून टाकतात, आणि ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून डोक्यावर घेतो ते झाडांचे अर्क, व्हिटॅमिन सी वगैरे यात पुढं. आम्ही एकदा हळदीच्या अर्काच्या क्रीमचं काम घेतलं होतं, पहिल्या रनला कातडी एकदम ठणठणीत दिसली, मला पटेना. मग नुसत्या टेस्ट ट्यूबमध्ये एमटीटी आणि तो अर्क घेतला, पेशी एकपण नाही, तासाभरात रंग जांभळट. म्हणजे कातडी मेलेली असली तरी मशीन तिला जिवंत म्हणणार. यावर उपाय गाइडलाइनमध्येच आहे, मुद्दाम मारलेल्या कातडीवर तेच सॅम्पल लावायचं, तिथं जेवढा जांभळा येईल तेवढा खऱ्या आकड्यातून वजा करायचा, आणि सॅम्पलचा स्वतःचा रंग आडवा येत असेल तर एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, वाचायचं. तुमचा साबण पिवळा आणि हळदीचा, दोन्ही अडचणी आहेत. लॅबला पहिल्याच फोनवर विचारा, 'एमटीटी रिडक्शन चेक आणि किल्ड कंट्रोल करणार का?' समोरचा गडबडला तर दुसरी लॅब बघा.

पण मी तुमच्या जागी असतो तर त्या टेस्टला एवढ्यात पैसे घातलेच नसते. आधी पीएच, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा किती अल्कली ते सांगणारा आकडा, बघितला असता. कॉस्टिक सोड्याने घरी बनवलेला साबण चांगला मुरला तरी त्याचा पीएच ९ ते १० असतोच, साबण म्हणजे तेच, आणि आपल्या कातडीचा असतो ५ च्या आसपास. तेवढं कातडी सहन करते कारण आपण मिनिटाभरात धुऊन टाकतो. पण तेलाच्या हिशोबात सोडा जास्त पडला, किंवा चार ते सहा आठवडे मुरायच्या आत साबण विकला, तर मोकळा सोडा त्यात राहतो आणि तो भाजतो. लहान मुलाचे गाल म्हटल्यावर माझा पहिला संशय हाच. तुमच्या हळदीतच याची खूण आहे बघा. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो हे सगळ्या बायकांना माहीत असतं, चुना घालून हळदीचं कुंकू करतात तेही याच गुणाने. अल्कली वाढली की हळद तांबडी होत जाते. तुमच्या एका बॅचची वडी पिवळसर केशरी आणि दुसरीची विटकरी लाल असेल, हळद आणि तिचं माप तेच असताना, तर त्या लाल बॅचकडं आधी बघा. ही फक्त खूण झाली, माप नाही. नक्की कळायला फ्री अल्कलीची टेस्ट करा, साबण गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनवर टायट्रेशन, सांगलीतल्या कुठल्याही फार्मसी किंवा केमिस्ट्रीच्या लॅबला सहज जमेल, खर्च किरकोळ.

आणि वड्यांत लवंग तेल, दालचिनीचं तेल असलं काही घालता का? घालत असाल तर किती टक्के ते लिहून ठेवा. त्या दोन्हीतले युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड ॲलर्जी आणण्यात नावाजलेले आहेत. हळद स्वतः गड्डे आणून दळता का तयार पावडर घेता, तेही बघा. सांगलीच्या मार्केट यार्डात चांगला माल ओळखणारी माणसं आहेत, पण सुट्ट्या पावडरीत रंग चमकवायला लेड क्रोमेट मिसळलेलं देशात ठिकठिकाणी सापडलंय, आणि शिसं असलेला पदार्थ पोराच्या अंगाला लागणं हा इरिटेशनच्या पलीकडचा विषय आहे.

हे सगळं ठीक निघाल्यावर मग टेस्ट. आणखी एक सांगतो, साबणाची आख्खी वडी किसून ती तशीच कातडीवर ६० मिनिटं ठेवली तर बहुतेक साबण नापास होतील, अगदी महागातले परदेशीसुद्धा, कारण तो तसा वापरायचा पदार्थच नाही. म्हणून साबणाचं पाणी करून टेस्ट करतात. १९७९ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन यांनी साबणासाठी माणसांवरची खास पद्धत काढली, त्यात ८ टक्के द्रावण हाताच्या आतल्या बाजूला पाच दिवस लावायचे. त्या पद्धतीमुळे सौम्य आणि कडक साबणांतला फरक डोळ्यांना दिसायला लागला. लॅबमधल्या कातडीवरपण वेगवेगळ्या वेळा ठेवून, निम्म्या पेशी मरायला किती तास लागतात ते काढता येतं. मला तुमच्यासाठी ती पद्धत जास्त पटते कारण त्यात नुसतं पास-नापास मिळत नाही, बाजारातल्या एखाद्या साबणाशेजारी तुमचा साबण कुठं बसतो ते दिसतं.

त्यानंतर माणसांवरची पॅच टेस्ट. आपल्याकडं बीआयएसचं, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं, आयएस ४०११ हे त्याचं स्टँडर्ड आहे. साधारण २४ निरोगी माणसं, लेखी परवानगी घेऊन, एथिक्स कमिटीच्या मंजुरीने, छोट्या चकतीत सॅम्पल घालून पाठीवर २४ तास चिकटवतात, मग काढून लाली आणि सूज बघतात. दुकानदाराला बहुतेक हाच रिपोर्ट हवा असतो. स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर तुम्ही एक करून आणाल आणि तो दुसरा मागेल. साबण बनवून विकायला आपल्या राज्याच्या एफडीएचं कॉस्मेटिकचं लायसन्स लागतं ते काढलंय असं धरतो, नसेल तर रिपोर्टच्या आधी ते.

रिपोर्टवर 'नॉन इरिटंट' आलं तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या बॅचचं, तेवढं पातळ केलेलं सॅम्पल, तेवढा वेळ लावल्यावर इजा झाली नाही. पुढच्या बॅचला सोडा जास्त पडला तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. ॲलर्जीचं त्यात काही नाही, त्याला वेगळ्या टेस्ट आहेत, तीन आठवडे परत परत पॅच लावून, मग दोन आठवडे थांबून पुन्हा एकदा लावून बघायची. आणि काही त्रास तर या दोन्हीत बसत नाहीत. टिकलीच्या गोंदातल्या पीटीबीपी नावाच्या केमिकलने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या कितीतरी बायका आपल्याकडं आहेत, ना खाज ना लाली, नुसता रंग जातो. वेष्टणावर 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' छापलेलं असतं त्यावर तर जाऊच नका, टेस्ट केली एवढंच त्यातून कळतं, निकाल काय आला ते नाही.

आता बागेतल्या बायकांचं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावतात त्यात हायड्रोजन सायनामाईड असतं. ते टेस्ट न झालेलं औषध नाही, त्याचा निकाल केव्हाच लागलाय, कातडी जाळणारं आणि वर ॲलर्जी आणणारं. ज्याची टेस्ट होऊन बाटलीवर 'हातमोजे घाला' छापलंय त्याची परत टेस्ट काय करायची, हातमोजे आणून द्यायचे. मी बागेत उभं राहून बघितलंय, बाई फडक्याने काडी पुसत वर हात करते आणि ओघळ मनगटावरून मोज्याच्या आत उतरतो, मोजा आतून ओला, मग ते केमिकल कातडीवर चार-चार तास बंद राहतं. आम्ही सशाच्या पाठीवर पट्टी बांधून जे करायचो तेच हे. लांब बाह्यांचे, न फाटलेले रबरी मोजे, मोज्याच्या तोंडाला बाहेरून घडी घातलेली म्हणजे ओघळ तिथंच अडेल, आणि आत ओलं लागलं की लगेच काढून हात भरपूर पाण्याने धुवायचे. लावणारे गडी असतील तर त्यांना बजावून सांगा, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंब नको, हे औषध अंगात गेलेलं असताना दारू घेतली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, बीपी पडतो, माणूस दवाखान्यात जातो.

बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघूनपण फसू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषबाधेच्या, म्हणजे किती डोस जीव घेतो त्याच्या हिशोबावर ठरतात. हिरवा त्रिकोण आहे म्हणून हाताला लागलं तरी चालतं असा त्याचा अर्थ अजिबात नाही. बेदाणा शेडवर वाळवायच्या आधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑईलचंही तेच, त्यात तेलाबरोबर लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घालतात, पाण्याचा पीएच ११ च्या आसपास जातो. साडेअकरापासून पुढं तर लॅबमध्ये टेस्ट न करताच पदार्थ जाळणारा धरून चालतात. त्या पाण्यात दिवसभर घड बुडवणाऱ्या हातांची काय गत होणार ते तुम्हीच बघताय.

परत आलेला तो साबण मात्र टाकून देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर बॅचची तारीख लिहा, त्याच बॅचची न वापरलेली वडी शिल्लक असेल तर तीपण शेजारी ठेवा, आणि फ्री अल्कलीला सगळ्यात आधी या दोन द्या. त्या आईला फोन करून दोन गोष्टी विचारा, चट्टे पहिल्याच आंघोळीला आले का आठ-दहा दिवस वापरल्यावर आले, आणि साबण लागला तेवढ्याच जागेवर होते का पसरत गेले. पहिल्याच दिवशी आणि लागलं तिथंच असेल तर सोडा तपासा. उशिरा आणि पसरत गेलं असेल तर पोराला मिरजेला किंवा सांगलीला स्किनच्या डॉक्टरांकडं दाखवायला सांगा आणि साबणात घातलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी त्यांच्याबरोबर द्या, लपवायचं काही नाही.